यंत्राला रापण शिकवताना

९ नोव्हेंबर १९८७

मालवण ते वेंगुर्ले, किनाऱ्यावरच्या शाळांत शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपल्या दारात यंत्र येऊन उभं राहिलं आहे आणि ते आपल्याशी आपल्या भाषेत एक शब्द बोलायला तयार नाही.

हे वाक्य आज कसालच्या शिक्षकांच्या सभेत म्हणायचं होतं. अध्यक्षांनी ‘वेळेअभावी’ माझं नाव गाळलं. म्हणून वहीत म्हणून घेतलं. घसा मोकळा झाला.

वस्तुस्थिती अशी. शाळेत दोन संगणक. सरकारी योजनेतून येऊन दीड वर्ष झालं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून वर फुलाफुलांचे अभ्रे. मुलं आत येतात, चपला काढतात, अभ्र्यांकडे बघतात, परत जातात. आज हेडसर म्हणाले, फेब्रुवारीत जिल्ह्याहून साहेब येणार. यंत्रांचा उपयोग दिसला नाही तर दोन्ही उचलून हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत. “तिथल्या मुलांना निदान इंग्रजी तरी येतं, बाई.”

मी काही बोलले नाही.

(बोलले. तास संपेपर्यंत बोलले.)

११ नोव्हेंबर

सुधीरने शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बोलावलं. हा आमचा विज्ञानशिक्षक, जामसंड्याचा. यंत्राचं पंधरा दिवसांचं शिक्षण पुण्यात घेऊन आला आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नाही. सांगतो काय, तर त्याने खेळ केलाय. रापणीचा. निळा समुद्र, होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते, किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसं दोर धरून. छान दिसतं. मी खरंच टाळी वाजवली.

मासे कसे येतात विचारलं. म्हणाला, यंत्र मनात एक आकडा धरतं. आकडा मोठा निघाला तर मासे आले.

म्हणजे सोडत. आमच्या रापणकरांचा अख्खा जन्म सोडतीत काढला त्याने. पण हुरूप मोडायचा नाही म्हणून उद्यावर ठेवलं.

साहेबांना दाखवायला काहीतरी आहे, हे मात्र खरं. उजेड दिसतोय.

१४ नोव्हेंबर

गणूमामा तांडेल रापण संघाच्या अर्जावर सही करायला घरी आले होते. पासष्टीचे. आमच्या बाजूच्या रापणीचे ते मुख्य. जाळं कधी सोडायचं हे त्यांनीच सांगायचं. ट्रॉलरवाल्यांविरुद्धच्या सभांत मी व्यासपीठावर असते, ते पहिल्या रांगेत, पाय पसरून. त्यांना तशीच शाळेत घेऊन गेले.

उभ्यानेच खेळ बघितला. मग सुधीरला म्हणाले, “ह्यो मासो खुळो आसा, मास्तरानू. वारो बघना नाय, पाणी बघना नाय, आणि आपणहून जाळ्यात येता. असो मासो खंय गावता ता माका सांगा.”

सुधीरचे कान लाल. पण पोरगा गुणाचा. स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, मासा कसा वागतो ते सांगा, मी लिहितो.

मामांनी अर्ध्या तासात अकरा गोष्टी सांगितल्या. मतलय, म्हणजे पहाटेचा जमिनीवरून येणारा वारा, असला तर असं. पाण्यावर माशांच्या थव्याची काळी सावली सरकली तर तसं. पाखरं बसली तर एक, नुसती फिरत राहिली तर दुसरं. सगळी वाक्यं ‘तर’ची.

१६ नोव्हेंबर

सुधीर हताश. मामांच्या अकरापैकी तीन गोष्टी खेळात घालायला त्याला दोन दिवस लागले. बेसिक या यंत्राच्या भाषेत प्रत्येक ओळीला आकडा. मधे नवी ओळ घुसवली की दुसरीकडे काहीतरी फुटतं. काल मतलय घातली तर होडी डोंगरावर चढली.

म्हणाला, बाई, मामांच्या प्रत्येक वाक्याला मी पूर्ण समुद्र खणू का?

मी म्हटलं, मग समुद्र आणि नियम वेगळे कर. समुद्र तुझा. नियम त्यांचे. ते त्यांनी बाहेरून सांगावेत आणि तुझ्या समुद्राने ऐकावेत.

त्याने वहीत दोन चौकोन काढले. मग म्हणाला, याला खेळाच्या पोटात दुसरी भाषा बसवावी लागेल. छोटी. फक्त नियमांची.

बसव म्हटलं.

“बसव काय बाई, ती काय खिडकी आहे?”

२२ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर भाषा निवडत होतो. पाटावर चहाचे डाग.

एक: बेसिकच ठेवायची. सुधीरला येते. पण मामांना ओळीचे आकडे कोण शिकवणार, आणि का शिकवायचे? फेटाळली.

दोन: लोगो. मुलांसाठीच केलेली, कासवाला चालवते. फार गोड. पण तिच्यासाठी वेगळी चिप मागवावी लागेल, आणि ती आली तरी यंत्राची जागा एवढी खाईल की समुद्राला उरणार नाही. यंत्राची एकूण आठवण बत्तीस के, त्यातली बरीच नुसतं चित्र दाखवण्यात जाते. सुधीर के असे सांगतो, जसं आमची आई घागरी सांगायची.

तीन: फोर्थ. सुधीरच्या मुंबईच्या मित्राने एका पुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती पाठवल्यात, अर्ध्या फिकट. एवढीशी भाषा, तीन-चार के. तिच्यात शब्द आपण घालायचे. एकदा घातला की तो भाषेचाच झाला, आधीच्या शब्दांच्या पंगतीत. खेळ चालू असतानाही घालता येतो.

हे वाचून मी उठून उभी राहिले. जिच्यात खेडूताचा शब्दही पंगतीला बसतो अशी भाषा इंग्रजांच्या यंत्रात आहे आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही.

सुधीर म्हणाला, बाई, बसा. मी आहे एकटाच, आणि यंत्राला टाळ्या कळत नाहीत.

२५ नोव्हेंबर

पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचतेय. चार रात्रींचं काम दुपारच्या मोकळ्या तासांत करते. भाषा उलटी म्हणतात, कारण आधी वस्तू आणि मग करणं. मला तर सुलटीच वाटली, आपलं मराठी वाक्य असंच चालतं.

भांडण झालं. सुधीरचं म्हणणं, फोर्थ अख्खी बसवली तर धोका. तिला काहीही सांगा, ती करते. एक शब्द चुकला की यंत्र जागच्या जागी गार, वीज काढून परत लावावी लागते, आणि समुद्र पुसला जातो. मग कॅसेटवरून परत चढवायचा, तीही रेकॉर्डरची कळ ठीक दाबली गेली तर.

माझं म्हणणं, लोकांच्या हाती द्यायची तर पूर्ण द्यायची. अर्धं स्वातंत्र्य म्हणजे

पुढे काय म्हणाले लिहीत नाही. जास्त बोलले. तो सायकल घेऊन गेला.

२९ नोव्हेंबर

तो बरोबर आहे. रापणीतही कोणीही जाळं सोडत नाही. मामांनी हात वर केला तरच सुटतं. मोकळीक आणि शिस्त एकाच दोरावर चालतात, आणि हे मीच दर सभेत सांगते.

घरी जाऊन सांगितलं. त्याच्या खोलीत बसायला खुर्ची नव्हती, खोक्यावर बसले. ठरलं: फोर्थचा सांगाडा घ्यायचा, आत आपणच भाषा बांधायची. विचारायचे शब्द वेगळे, करायचे वेगळे. न समजलेला शब्द आला तर यंत्राने थांबायचं नाही, नुसतं सांगायचं.

काय सांगायचं? सुधीर म्हणाला, एरर. मी नको म्हटलं. आपल्या दारात येऊन आपल्यालाच चूक म्हणायची नाही. ‘माका समाजला नाय’ असं म्हणू दे. चूक यंत्राची.

तो हसला. आज परत जेवत नव्हता म्हणून पोळ्या पाठवल्या.

६ डिसेंबर

शब्दांची यादी माझ्याकडे. दोन दिवस खपून केली. वायुदिशा, जलवर्ण, पक्षिदल, जालक्षेप. एकेक शब्द घासून पुसून. पडद्यावर नागरी अक्षरं नाहीत, रोमन लिपीतच उमटतात. तेवढं दुःख गिळलं.

मामांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवली. “पक्षिदल स्थिर तर जालक्षेप.” ते नम्रपणे ऐकत होते. देवळात संस्कृत ऐकतात तसे. पूर्ण झाल्यावर म्हणाले,

“बरा आसा. पण बाईनू, ह्यो दर्यो कोणाचो?”

मी म्हटलं, म्हणजे?

“न्हय, आमचो नाय म्हणान इचारलंय.”

सुधीर खिडकीबाहेर बघायला लागला. खांदे हलत होते.

संध्याकाळ वाईट गेली. वीस वर्षं इंग्रजीच्या विरोधात ओरडले, आणि किल्ली हातात येताच दुसरं इंग्रजी तयार केलं, शेंडीवालं.

८ डिसेंबर

यादी फाडली. मामांनी सांगावं, मी लिहावं. वारो, मतलय, पाणी, सावली, पाखरां, जाळा, दोर, ओढ. ‘तर’ तेवढा जसाच्या तसा राहिला.

भरतीची वेळ कशी काढता विचारलं. तिथीची पाऊणपट, म्हणाले, घड्याळ कशाक व्हया. सुधीरने टेबलावर हात आपटला. आमच्या भाषेत अपूर्णांक नाहीत, पूर्ण आकडेच. तो आठवडाभर याच काळजीत होता. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, झाली पाऊणपट. मामांना त्याचा आनंद कळला नाही. पण पोराला आनंद झाला म्हणून तेही हसले.

२० डिसेंबर, रविवार

चाललं.

मामांनी सांगितलं, मी कळा दाबल्या, अक्षर शोधत शोधत. मग मोठ्याने वाचलं. मामांनी बोट वर केलं की मी थांबायचं असं ठरलंय. एकदाच वर केलं, ‘सावली’च्या आधी ‘काळी’ राहिलं होतं.

*पाखरां बसली, सावली काळी, तर जाळा सोड.*

पडद्यावर होडी थांबलेली. पाखरं फिरत होती, म्हणून थांबलेली. मग दोन ठिपके पाण्यावर बसले. काळं काहीतरी सरकलं. आणि होडी आपणहून निघाली. सुधीरच्या हातात काही नव्हतं, माझ्याही नव्हतं.

 मामांनी धोतराचा सोगा वर धरला, ओल्यात उतरताना धरतात तसा.

चौथ्या नियमात त्यांनी सांगितलेला एक शब्द मी चुकीचा दाबला. पडद्यावर: माका समाजला नाय. मामा लगेच पुढे वाकून यंत्राला म्हणाले, “बाईंची चूक, तू उगी रव.”

३ जानेवारी १९८८

जागा पुरत नाही. भाषा आत आली तशी समुद्राने बाहेर काय काय टाकायचं याची वाटाघाट. डोंगर गेला. सूर्य गेला. सुधीरने दोर ओढणाऱ्या माणसांची चित्रं मात्र ठेवली, तीच तर रापण.

मामांचे आता एकोणीस नियम. आज शेवटचा सांगितला आणि म्हणाले, हा नसला तर बाकीचे नकोत. “माणूस इलो तर दोर दी.” वाटेने जाणारा कोणीही येऊन दोराला हात लावतो, त्याला नको म्हणायचं नसतं, हा रापणीचा रिवाज. घातला. आता अधूनमधून किनाऱ्यावर एखादं माणूस येतं आणि दोर धरतं. एक कळही ठेवली. दाबली की माणूस आलं.

वीज तीन वेळा गेली. कॅसेट चार जागी ठेवल्यात.

२४ जानेवारी

दहावीच्या मुली यायला लागल्या. कोळंब, देवबागकडच्या. त्यांना शिकवावं लागत नाही, त्यांच्या घरचेच शब्द आहेत. एकीने ‘आवस हाक मारता तर जाळा सोडू नको’ असा आईवरचा नियम घालायचा प्रयत्न केला. यंत्र: माका समाजला नाय. ती: “माझ्या आवशीक पण नाय समाजणा.”

अभ्रे आता घडी करून कपाटात.

हेडसर दारात उभे राहून बघून गेले. उपयोग रजिस्टरात लिहा म्हणाले. ‘विषय’ या रकान्यात काय लिहू विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, इतर.

७ फेब्रुवारी

साहेब शुक्रवारी. सगळं तयार. सुधीर नखं खातोय. म्हणतो भाषेची भीती नाही, ती हजारदा तपासली. मग कसली? माहीत नाही म्हणाला.

मी भाषण तयार केलंय. सात मिनिटं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर राग लिहिला जाईल.

साहेब अकराला आले. वाईट माणूस नाही. खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. मामा नवा सदरा घालून. नियम वाचून दाखवले, मासे आले, जाळं ओढलं गेलं. साहेब पुढे सरकले. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके.

मग मामांनी, मी काही सांगितलं नसताना, सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, असं लांबून काय बघता, रापण लागली आहे, या, दोर धरा. मुली आल्या, प्रत्येकीने कळ दाबली. शिपाई. दोन शिक्षक. साहेबांचा ड्रायव्हर, तो दारात उभा होता. हेडसर, आढेवेढे घेऊन. प्रत्येक कळेसरशी पडद्यावर एक माणूस येऊन दोराला लागत होता. खोलीभर हशा. मला वाटलं, जिंकलो.

साहेब म्हणाले, मग मीही. कळ दाबली.

समुद्र गेला. काळा पडदा, इंग्रजीत एक ओळ.

‘माका समाजला नाय’ सुद्धा नाही. सुधीर पांढरा पडला. नंतर कळलं, त्याने दोर धरणाऱ्यांसाठी वीस खण केले होते, एका माणसाला एक. सरावात कधी नऊच्या वर गेलं नाही. साहेब एकविसावे. चूक नियमांत नव्हतीच. समुद्रात होती, म्हणून भाषेला ती सांगताही आली नाही.

साहेब हसले, दुष्टपणे नाही. मी भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “बाईनू, वायच बसा.” आयुष्यात पहिल्यांदा भाषणातून बसले.

जाताना साहेब म्हणाले, “कल्पना चांगली आहे. पण इथे सगळे तुमचेच आहेत, सगळ्यांना तुम्हीच शिकवलंय. ज्याला तुम्ही एक अक्षर शिकवलेलं नाही, असा बाहेरगावचा माणूस येऊन यात स्वतःचा नियम घालू शकला तर मी यंत्रं इथे ठेवायची शिफारस करीन. नऊ एप्रिलला परत येतो.”

१३ फेब्रुवारी

सुधीर शाळेत आला नाही. दुपारी गेले. म्हणाला, वीसचे चाळीस करतो, साठ करतो, पण जागा नाही. माणसांनी सगळी जागा खाल्ली.

१४ फेब्रुवारी, रविवार

किनाऱ्यावर गेलो, मी आणि सुधीर. खरीच रापण लागलेली. सुधीरला मामांशेजारी उभं केलं. त्याने विचारलं, किती माणसं लागतात, तुम्ही कसं मोजता?

मामा दोराकडेच बघत होते. “आमी माणसां मोजनव नाय. दोर किती ताणलो ता बघतव.”

आणि दोराला बोट लावून दाखवलं. सैल असला की हाक मारायची. ताठ झाला की पुरे. कोण आलं, किती आले, शेवटी कालवणापुरते मासे सगळ्यांनाच.

सुधीरने दोराला बोट लावलं. मग चपला काढल्या आणि रांगेत शिरून ओढायला लागला. मीही धरला. आज तळहात सोललेत, म्हणून अक्षर असं.

२१ फेब्रुवारी

खण काढून टाकले, वीसच्या वीस. आता यंत्र माणसं लक्षात ठेवत नाही. फक्त ताण, एकच आकडा. माणूस येतो, चित्र उमटतं, ताण वाढतो, चित्र रांगेत मिसळून जातं. काल मुलींनी दोनशे वेळा कळ दाबली. समुद्र हलला नाही.

वर जवळजवळ एक के जागा सुटली. सुधीर म्हणाला, सूर्य परत आणू? मी म्हटलं, शब्दांना दे. बाहेरगावचा माणूस येईल तर आपले शब्द घेऊन येईल. मतलयीला दुसरीकडे काय म्हणतात कोणास ठाऊक. त्याने आपला शब्द घालावा आणि तो चालावा.

त्याने शब्दांना दिली.

४ मार्च

शिमग्याची सुट्टी. कोणीतरी पाठवा म्हणून दहा शाळांना पत्रं टाकली होती, देवगड, आचरे, वेंगुर्ले. दोन उत्तरं. एकात शुभेच्छा. दुसऱ्यात लिहिलंय, परीक्षा तोंडावर आहेत, आणि समुद्र हा अभ्यासक्रमात नाही.

१३ मार्च

हेडसर आज हळू आवाजात म्हणाले, बाई, जामसंड्याला सुधीरचा मावसभाऊ आहे ना. त्याला दोन रविवार इथे बसवा. साहेबांना काय कळतंय, बाहेरगावचाच तर आहे.

ते शत्रू म्हणून बोलले नाहीत. दीड वर्ष ज्या यंत्रांकडे बघितलं नाही ती जाऊ नयेत असं त्यांना आता वाटतंय. हे मोठंच.

मी ‘बघते’ म्हणाले. लगेच नाही म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

१५ मार्च

सुधीरला विचारलं. तो म्हणाला, मावसभाऊ येईल, हुशार आहे, दोन रविवारही लागणार नाहीत.

मग म्हणाला, “पण मग आपल्याला कधीच कळणार नाही, बाई. की भाषा खरंच झाली का नाही.”

मावसभाऊ नको, खराच अनोळखी कोणी येईल त्याची वाट बघायची, असं ठरलं. हेडसरांना मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तुम्ही दोघं यंत्रं घालवणार. आणि मग, शाळा रविवारी उघडी ठेवावी लागेल का?

हो म्हटलं.

२० मार्च

आज शाळा उघडी होती. चार ते सात. कोणी आलं नाही. मामा, मी, सुधीर, आणि चहा घेऊन स्वतः हेडसर. मामांनी तीन तासांत आणखी दोन नियम घातले, आपल्या हाताने. कळांवर सुधीरने बाळबोध अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. एक कळ, मग चष्मा वर, मग दुसरी. मी वाचून दाखवायला सरसावले तर म्हणाले, नको, माका दिसता.

२७ मार्च

परत चार ते सात. पावणेपाचला सायकलवर एक माणूस फाटकापाशी थांबला. आचऱ्याकडचा वाटला, मागे दोराचं भेंडोळं. मामा एकेक नियम म्हणत कळा दाबत होते, ते बराच वेळ ऐकत होता. मी उठले तर सुधीरने हात धरला, म्हणाला, बोलू नका, तुम्ही बोललात तर शिकवल्यासारखं होईल.

तो निघून गेला. पण जाताना मामांना विचारून गेला, आमच्या बाजूला सावली काळी नसते, तांबूस असते, ते यात चालतं का? मामा म्हणाले, येवा आणि घालून बघा.

२९ मार्च

एकच रविवार उरला. पत्रं पुन्हा लिहितेय, आता शाळांना नाही. रापण संघाच्या प्रत्येक गावाला, मुख्य तांडेलाच्या नावाने, आणि त्याला वाचून दाखवील त्या शिक्षकालाही. मजकूर इथे उतरवून ठेवते. पहिला मसुदा चार पानांचा होता. सुधीरने खोडून एवढाच ठेवला:

किनाऱ्यावरच्या माझ्या माणसांनो, तुमच्या दर्याचं तुम्हाला जे माहीत आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या शाळेतल्या यंत्राला ते ऐकता येतं की नाही, हे आम्हाला माहीत नाही. तुमच्याशिवाय कळणारही नाही. आम्ही शिकवणार नाही, मधे बोलणार नाही. रविवारी, ३ एप्रिलला, चार वाजता शाळेत या. वारा, पाणी, पाखरं, काहीही असो, तुमच्या गावचा एक नियम तुमच्या शब्दांत घेऊन या, आणि तो स्वतःच्या हाताने यंत्रात घाला.